एकदा परत खोकता का, मामा?

परतवाड्यात मला नावानं हाक मारणारे दहा-बारा जण असतील. बाकी सगळ्यांसाठी मी शूटिंगवाला. अठरा वर्षं झाली, लग्नं, बारशी, जाऊळ, निवृत्तीचे कार्यक्रम, अधूनमधून एखाद्या सरपंचाच्या वाढदिवसाला ड्रोन. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता असेल तर ‘परत’. नवरीनं हार घातला आणि नेमकं करवलीचं डोकं मधे आलं, परत. सासऱ्यानं जावयाचे पाय धुतले पण मान खाली, परत. लोकही हसत हसत करतात. अंजनगावच्या एका लग्नात मी नवरीच्या बापाला पाठवणीचं रडणं परत करायला लावलं होतं. तो बिचारा खरंच परत रडला.

हा शब्द मी २०१८ च्या डिसेंबरात क्षयाच्या एका पेशंटसमोर वापरला.

काम एका संस्थेचं होतं. नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. मेळघाटातून बाहेर काढून अकोट तालुक्यात वसवलेल्या गावांमध्ये ते टीबीच्या पेशंटांवर काम करायचे आणि देणगीदारांना दाखवायला त्यांना आठ मिनिटांची फिल्म हवी होती. पुण्याचा माणूस परवडत नव्हता म्हणून माझ्यापर्यंत फोन आला. मॅडम म्हणाल्या, “आजारी असताना आणि बरा झाल्यावर, असं दोन भागांत हवं.” मला वाटलं, सोपं आहे. हळद एक दिवस, लग्न एक दिवस.

मेळघाट आणि कॅमेरा हे नातं आम्हा परतवाडेकरांना नवीन नाही. १९९३ च्या पावसाळ्यात कुपोषणानं मुलं मेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. स्टँडवर बॅगा घेऊन उतरणारे शहरी लोक आणि सेमाडोह-हरिसालकडं जाणाऱ्या जीपगाड्या आठवतात. तेव्हापासून दर पावसाळ्यात कोणी ना कोणी येतं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे किती वर्षं पेशंट तपासत बसले होते, पण कॅमेऱ्यांची रांग लागली ती २०१९ ला पद्मश्री मिळाल्यावर. मरण किंवा पुरस्कार. मधल्या वर्षांत कोणी ट्रायपॉड लावत नाही, आणि मी तरी कुठं लावला होता? माझ्या घरापासून घाट सुरू होतो आणि मी वर जायचो ते चिखलदऱ्याला प्री-वेडिंग करायला.

तर गाव. त्याचंही नाव नको. अंजनगावमार्गे अकोटकडं निघालं की सातपुड्याची रांग सतत उजव्या हाताला दिसत राहते. त्या रांगेत कुठंतरी हे गाव आधी होतं. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प. गाभ्यातली गावं उठवायचं काम मात्र खूप पुढं सुरू झालं, आणि २००८ नंतर कुटुंबामागं दहा लाखांचं पॅकेज आलं तेव्हा त्याला वेग आला. अठरा वर्षांवरचा मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. त्यामुळं एका चुलीवर जेवणारं घर कागदावर तीन कुटुंबांचं झालं, आणि खाली आल्यावर खरंच तीन चुली झाल्या.

नवं गाव म्हणजे सरळ रेषेत पाडलेले प्लॉट. वर जसं होतं तसं एकमेकांना धरून असलेलं नाही. गावात दोनच दिशा बोलल्या जातात, वर आणि खाली. ‘वर’ म्हणजे जुनं गाव. “वर असतानी खेकडे खायचो.” “हे लेकरू वरचं हाय, थे खालचं.” वर कुटकी होती, मोह होता, नाल्याला मासे होते, पावसाळ्यात चार-पाच भाज्या नुसत्या वेचून यायच्या. खाली सगळं काट्यावर मोजून आणि पैसे मोजून. दहा लाखांचं काय झालं हे मी पाचेक घरांत विचारलं. सगळ्यांनी आधी मोटरसायकलीकडं बघितलं.

फिल्मसाठी निवडलेले गृहस्थ पंचेचाळीसचे होते, दिसत साठचे. मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी. पैसे संपल्यावर मामा दोन हंगाम वीटभट्टीवर गेले होते. खोकला तिकडून घेऊन आले, असं मामी म्हणायची. मामा म्हणायचे, खोकला खालच्या धुळीचा आहे. बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. उपचाराच्या कार्डावर पहिल्या दिवशीचं वजन लिहिलेलं होतं, ३७ किलो. वजनाच्या गटाप्रमाणे रोजच्या गोळ्या ठरलेल्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची.

मी पोचलो तेव्हा औषध सुरू होऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्यातही दोन दिवस गळालेले. त्याचं कारण गावातल्या आशा सेविकेनं, आशाताईनं सांगितलं. गोळी घेतल्यावर मामांची लघवी लालभडक झाली. रिफाम्पिसिन या औषधाचा तो रंग असतो, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारंगी होतं, त्यानं काही होत नाही. पण हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मामीला वाटलं, रक्त. तिनं पाकिटं उचलून पत्र्याच्या मागं टाकून दिली. आशाताई तिसऱ्या दिवशी आली, पाकिटं शोधली, झटकली, आणि अंगणात बसून नवऱ्या-बायकोला एक तास समजावलं. ही आशाताई त्याच गावची, कोरकू आदिवासी. तिनं मला आल्या आल्या मास्क दिला आणि म्हणाली, अजून दोन हप्ते तरी तोंड उघडं ठेवून जवळ बसू नका.

आता ती क्लिप.

सकाळचे नऊ. मामा बाजेवर बसलेले, मागं कुडाची भिंत, ऊन डावीकडून छान पडलेलं. मी त्यांच्या सदऱ्याच्या आत कॉलर माईक लावला होता, नवरदेवाला लावतो तोच. मामांना खोकला आला. पाच-सहा सेकंदांचा, फ्रेममध्ये अगदी हवा तसा. आणि माझ्याच खिशात मोबाइल वाजला. ‘गणराज रंगी नाचतो’, पूर्ण आवाजात.

मी म्हणालो, “मामा, एकदा परत खोकता का?”

त्यांनी मान हलवली. सांगितलेलं ऐकणारा माणूस. वर फॉरेस्टवाल्यांचं ऐकलं, खाली भट्टीवाल्याचं ऐकलं, आता माझं. ते खोकले. आणि मग ते थांबेचना. क्लिप चार मिनिटं दहा सेकंदांची आहे. पहिल्या मिनिटानंतर ते पुढं वाकतात आणि फोकस जातो. मी फोकस परत ओढतो. दुसऱ्या मिनिटाला मागून मामी फ्रेममध्ये येते, हातात गडवा. आणि फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यातून एक हात येतो, बाजूला व्हा म्हणून खूण करणारा. तो हात माझा. अंगठी ओळखू येते. मामी क्षणभर थांबते, हाताकडं बघते, आणि तिथंच उभी राहते. मामा खोकता खोकता एकच शब्द तीनदा बोलतात. “डा.” मला वाटलं, कण्हतायत. पुढं एडिटिंगला बसलो तेव्हा आशाताईला फोनवर ऐकवलं. कोरकूत डा म्हणजे पाणी.

मग मामीनं माझा हात धुडकावला, पाणी पाजलं, मामा थुंकले ते राखेनं झाकलं. राखेवर लाल धागा दिसत होता. कॅमेरा सुरूच होता, बंद करायचं सुचलं नाही. आशाताई दारातून बघत होती. ती फार शांतपणे म्हणाली, “भाऊ, थ्या का अक्षता हायेत परत टाकाले?”

मी त्या दिवशी पुढं काही शूट केलं नाही. अकोटला येऊन चहा प्यायलो, तोही अर्धा टाकला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, आजाराचा भाग चांगला मिळाला का म्हणून. मी म्हटलं, मिळाला. खोटं नव्हतं, फार चांगला मिळाला होता. फिल्मवाल्यांना हवा असतो तसा.

पुढं प्रश्न आला दुसऱ्या भागाचा. सहा महिन्यांनी जाऊन बरा झालेला माणूस दाखवायचा, म्हणजे काय दाखवायचं? हाड मोडलेलं असेल तर प्लास्टर दिसतं, काढलेलं दिसतं. टीबीतून उठणारा माणूस आज कसा दिसतो, तर कालच्यासारखा. मामीला विचारलं तर ती म्हणाली, “रोज पाहून राहिलो तं काय समजते?” मी लग्नवाला. माझ्याकडं एकच कला आहे, एकच गोष्ट चार ठिकाणाहून घ्यायची. ती उलटी केली. चार वेळा एकाच ठिकाणाहून घ्यायचं ठरवलं.

मामांच्या घरापासून हातपंपापर्यंत साधारण नव्वद पावलं. पहिल्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी, कोणाला काही न सांगता, म्हणजे करा किंवा परत करा असलं काही न म्हणता, मी पंपाच्या अलीकडं ट्रायपॉड लावून बसलो. मामा तांब्या घेऊन निघाले, दोनदा बसले. एकदा शेजारच्या ओट्यावर, एकदा चक्क रस्त्यात. मी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली दगड ठोकून ठेवले. गावातल्या पोरांना सांगितलं, हे दगड हलवले तर लग्नात कोणाचाच फोटो काढणार नाही.

दुसरी खेप जानेवारीच्या शेवटी. गाव अर्धं रिकामं. त्याच आठवड्यात वर, केलपाणीच्या बाजूला, परत जंगलात गेलेले पुनर्वसित गावांतले लोक आणि वनखातं-पोलीस यांच्यात मोठी झटापट झाली होती आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली होती. खाली जमीन मिळाली नाही, दवाखान्याची सोय नाही, इथं आमची माणसं मरतात, असं म्हणत लोक वर गेले होते. मामांचा धाकटा भाऊही गेला होता. मामांनाही जायचं होतं. त्यांच्या देवाचा, मुठव्याचा दगड वरच राहिला होता आणि आजारपण त्याच्यामुळंच आलं अशी त्यांची खात्री होती. आदल्या महिन्यात ते भूमकाकडं, म्हणजे गावच्या पुजारी-वैद्याकडं गेले तेव्हा त्यानंही हेच सांगितलेलं.

मामीनं जाऊ दिलं नाही. तिचा मुद्दा साधा होता, गोळ्या खाली आहेत. “देव कोठी पयते? सहा महिने होऊ दे, मंग जाजो.” ती भूमकाला नाकारत नव्हती आणि डॉक्टरलाही नाही, फक्त क्रम लावून देत होती. आशाताईनंही भूमकाशी भांडण काढलं नाही. उलट त्याला जाऊन सांगितलं, तुम्ही कोंबडं घ्या, पण गोळी घेतल्याशिवाय पूजेला बसायचं नाही एवढं तुम्हीच मामांना सांगा. त्यानं सांगितलं. ही गोष्ट मला फिल्ममध्ये हवी होती. मॅडम म्हणाल्या, देणगीदारांचा गैरसमज होईल.

त्या खेपेला मामा पंपापर्यंत एकदाच बसले. माझ्या डोळ्यांना एवढाच फरक. पण हेडफोन घातल्यावर दुसरंच काही लक्षात आलं. कॉलर माईक छातीला लागून असतो. लग्नात त्याचा त्रास होतो, नवरदेवाची धडधडसुद्धा येते, ती आम्ही मिक्सिंगमध्ये कापतो. डिसेंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये मामांच्या दर श्वासाला कढईत तेल तडतडावं तसा आवाज होता. जानेवारीत तो आवाज फक्त शेवटी, श्वास सोडताना. त्या रात्री मी अकोटच्या लॉजवर दोन्ही फायली आलटून पालटून कितीतरी वेळ ऐकल्या. तोपर्यंत आवाज हा मी चित्राला जोडायची वस्तू समजत होतो.

श्वासावरून एक सांगतो, विषयाला सोडून नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं तेव्हा अडचण ही होती, की गावातल्या दाईला मिनिटाचे पन्नास श्वास मोजायला कसं सांगायचं? आकडे तेवढे येत नाहीत. मग त्यांनी एक साधन बनवलं, मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत गेलात तर न्यूमोनिया. मला हे कळलं तेव्हा पहिला विचार आला, हे शूट करायला किती सुंदर आहे. दुसरा विचार, ती दाई मणी सरकवत असताना माझ्यासारखा कोणीतरी “ताई, एकदा परत” म्हणाला असता तर लेकराचा श्वास चुकला असता.

तिसरी खेप होळीच्या सुमाराला, मार्च २०१९. मेळघाटातला कोरकू माणूस कुठंही कामाला गेलेला असो, होळीला परत येतो. गाव भरलेलं. रस्त्यावर दोरी आडवी धरून पोरं फगवा मागत होती. मला पण पन्नास रुपये द्यावे लागले. मामांचं वजन ४२. पंपापर्यंत ते न बसता आले, मधे उभे राहून कोणाशी तरी बोलले. आता तो बोलायचा थांबा होता की दमाचा, हे फ्रेमवरून सांगता येत नाही. हेडफोनवरून येतं. बोलायचा होता.

पण घरात वातावरण ठीक नव्हतं. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, एप्रिल २०१८ पासूनची योजना. मामांचे चार महिन्यांचे अडकले होते. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं, आणि भट्टीवर विटा उचलून घासलेला अंगठा मशीनवर उमटत नव्हता. मामी सहा वेळा सेवा केंद्रावर जाऊन आली होती, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवून. तोपर्यंत अंडी, शेंगदाणे, डाळ तिच्या हरभरा सोंगायच्या पैशातून. घरात तीन वर्षांचा नातू. सहा वर्षांखालच्या मुलांना अशा घरात टीबी होऊ नये म्हणून तेव्हा वेगळी गोळी द्यायचे. ती तो थुंकायचा. मामी गुळात कुटून द्यायची आणि मामांनाही गुळाचा खडा दाखवायची, बघ पोट्टं घेते, तू घे. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं आणि मी मामांच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेत होतो.

इथं मला एक माहिती उशिरा मिळाली ती घालतो. आपण समजतो की क्षयाचा माणूस म्हणजे सॅनिटोरियम, डोंगरावरची हवा, चादरी. तसं पूर्वी होतंच. पण १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं आणि तिथं गरीब पेशंटांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, चांगलं जेवण आणि विश्रांती. दुसरा आपापल्या घरी, दाटीवाटीत, तीच औषधं. घरचे पेशंट जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. जगभर टीबीचे पेशंट घरी ठेवून बरे करायला लागले त्यामागं हा अभ्यास आहे. एका डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते औषधाच्या ताकदीबद्दल बोलत होते. माझ्या डोळ्यासमोर मात्र गुळाचा खडा आला. सॅनिटोरियममधल्या नर्सा, स्वयंपाकी, वॉर्डबॉय यांचं काम घरी कोण करत असेल?

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोर्स संपला. वजन ४६. मामा पंपावर आले, तांब्या भरला, आणि येताना शेजारणीची कळशी पण घेऊन आले. मला न विचारता. मी आनंदानं ओरडणारच होतो.

फिल्म झाली. चार चालणी एकापाठोपाठ लावली, मागं फक्त श्वासाचा आवाज. संगीत नको म्हणून मी मॅडमशी भांडलो आणि निम्मा जिंकलो. शेवटच्या मिनिटाला त्यांनी बासरी टाकलीच. खोकल्याची क्लिप मी दिली नाही. कार्ड खराब झालं म्हणून सांगितलं.

पाऊस यायच्या आत गावात दाखवायची होती. शाळेच्या व्हरांड्यात बेडशीट बांधली, लग्नात लावतो तो प्रोजेक्टर. पोरं पुढं, बाया मागं, पुरुष दूर सायकलींवर. सगळ्यात जास्त हशा तिसऱ्या चालण्यात मधून जाणाऱ्या बकरीला पडला; तिचा मालक उठून उभा राहिला. मामा मान खाली घालून हसत होते. संपलं तेव्हा टाळ्या नाहीत. लोक बसूनच. मग मागून मामीचा आवाज आला.

“मी कोठी हावो?”

कोणीतरी म्हणालं, होती ना, गडवा घेऊन. ती म्हणाली, “थे तं हात हाय.”

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग म्हणा किंवा वारं सुटलं होतं म्हणून. लोक पांगले नाहीत, अंधारात बसून राहिले. मी लॅपटॉपवर टाइमलाइन उघडून मोजलं: आठ मिनिटांत मामी अकरा सेकंद. त्यातले सात सेकंद डोकं फ्रेमच्या बाहेर. डिसेंबरात मी हातानं बाजूला केलं होतं, पण पुढच्या तीन खेपांत तर हातही करावा लागला नव्हता. मी ट्रायपॉडच असा लावत होतो की ती येणारच नाही. आम्ही याला फ्रेम स्वच्छ ठेवणं म्हणतो.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, मामी, आता सांगा. ती म्हणाली, उजेड नाही. म्हटलं, आवाज येतो. तिच्या पदराला माईक लावला आणि रेकॉर्डर सुरू केला. बावीस मिनिटं ती बोलली, वऱ्हाडी, हिंदी आणि मधे मधे कोरकू. काय काय सांगितलं सगळं लिहीत नाही, तिचं आहे ते. थोडं सांगतो. गोळी कोंबडं आरवल्यावर द्यायची आणि मग “आ कर” म्हणून तोंड बघायची, कारण हा माणूस जिभेखाली ठेवून शेणात थुंकायचा. उलटी झाली की पुन्हा गोळी द्यायची की नाही हे विचारायला एकदा रात्री आशाताईकडं कंदील घेऊन गेली. दोन महिने सगळ्यांच्या बाजा बाहेर काढल्या, डिसेंबरच्या थंडीत, हवा खेळती राहावी म्हणून. ते गावाला आवडलं नाही, लोक म्हणाले नवऱ्याला घराबाहेर काढलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं तिनं एकही टाकलं नाही, बिस्किटाच्या डब्यात ठेवली, कारण एकदा टाकली होती त्याची तिला भीती बसली होती. बोलताना ती डबा मांडीवर घेऊन हलवत होती. रेकॉर्डिंगमध्ये तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागं पत्र्याचा खुळखुळाट आहे. मी तो कापलेला नाही.

मग काय झालं, तर लॉकडाउन. धंदा बसला, मग लग्नांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, विसरलो होतो. या जानेवारीत दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला, सिकलसेलवर फिल्म हवी, “आधी आणि नंतर”. मी विचारलं, नंतर म्हणजे काय दाखवायचं? आपल्या विदर्भातला हा आजार, आई-बापाकडून रक्तातूनच आलेला. हायड्रॉक्सीयुरिया घेतलं की दुखण्याचे झटके कमी होतात, पण गोळी आयुष्यभर. नंतर येतच नाही. पलीकडून म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

त्या फोनमुळं हार्ड डिस्क काढली. चार चालणी घेतली, बासरी काढून टाकली, मामीच्या बावीस मिनिटांतली सहा मिनिटं त्यावर ठेवली. आता मामा चालतात आणि मामी बोलते. खोकल्याची क्लिपही त्याच डिस्कवर आहे. त्यातला माझा हात मी पाहून घेतला आणि क्लिप आहे तिथंच ठेवली.

फेब्रुवारीत पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. घराला कुलूप. ट्रायपॉडचे दोन दगड जागेवर, तिसरा कोणाच्या तरी चुलीला गेला असावा. आशाताई भेटली, तिचे केस पांढरे झालेत. म्हणाली, दोघं दर्यापूरकडं गेलेत हरभऱ्याला, होळीला येतील.

“मामा पण?”

“मामा बी. पोते उचलते ना आता. मामीचं कंबर दुखते तं थे बसून निवडते.”

मी पेन ड्राइव्ह दिला. म्हटलं, मामीला सांगा, यात ती आहे. आशाताईनं तो उलटसुलट करून पाहिला.

“टीव्हीले लागते का हे?”

“लागते.”

तिनं तो गोळ्यांच्या पिशवीत टाकला आणि पुढच्या घरी गेली.